‘सप्लाय काय, कुठलाही चालतो’

घरी सीएनसी मशीन बांधायला निघालेल्या महाड-पोलादपूरच्या कुठल्याही पोराला विचारा, पैसे कशावर घालणार? तो बोटं मोडत सांगेल: बॉलस्क्रू चांगले हवेत, ॲल्युमिनियमचा सांगाडा जाड हवा, मोटरी दमदार हव्यात, स्पिंडल पाण्यावर थंड होणारा हवा. आणि पॉवर सप्लाय? ‘त्याचं काय, कुठलाही चालतो.’

गेली काही वर्षं मी सागवानावर आणि एमडीएफवर नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची दारं, गणपतीची मखरं कोरतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरांचं काम एमडीएफवर आलं, तेव्हा आमच्या भागात ही छोटी मशीनं बांधणारे हात वाढले. हे फार चांगलं झालं. पण त्या हातांबरोबर ‘कुठलाही चालतो’ हे वाक्यही घरोघर गेलं, आणि त्यानं जितकं लाकूड वाया घालवलं तितकं वाळवीनंही घालवलं नसेल. म्हणून हा लेख.

समोरच्यांचं म्हणणं मी आधी नीट मांडतो. ते इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ झालंय. सप्लाय म्हणजे एक पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज घेतो, पलीकडून चोवीस व्होल्ट देतो. त्यात निवडायचं काय? मोटरींवर लिहिलेल्या अँपिअरची बेरीज करावी, तेवढ्या अँपिअरचा डबा आणावा. पैसे संपले असतील तर जुन्या कॉम्प्युटरमधला काढावा. वीज कमीजास्त होते? मग पुढे स्टॅबिलायझर लावावा. तरीही जळला तर जळला; आपल्याकडची वीजच अशी, इथे कितीही भारी घ्या, पावसाळ्यात जायचाच.

यातलं एकही वाक्य खरं नाही.

आणि मला सर्वांत जास्त लागतं ते याचं, की हे वाक्य अडाणी माणसं बोलत नाहीत. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथे इन्स्ट्रुमेंट विभागात काम करणारी माणसं आमच्याच गल्लीत राहतात. कारखान्याच्या पॅनेलमध्ये चोवीस व्होल्टचा सप्लाय म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो गेला तर व्हॉल्व्ह बंद, मीटर आंधळे, सगळा प्लँट उभा. म्हणून तिथे एकाला जोडून दुसरा सप्लाय असतो, पुढे विजेच्या लाटेपासून वाचवणारं उपकरण असतं, वर्षातून एकदा अर्थिंग मोजलं जातं. तीच माणसं पाळी संपवून घरी येतात आणि पुतण्याच्या मशीनसाठी म्हणतात, ‘घे रे कुठलाही.’ मालकाच्या मशीनला जी काळजी, ती घरच्या पोराच्या मशीनला का नाही? पोराची मेहनत फुकटची आहे का?

आता बेरजेकडे येतो. तीन अँपिअरच्या चार मोटरी, म्हणजे बारा अँपिअर. म्हणून चोवीस व्होल्ट वीस अँपिअरचा जाडजूड डबा आणायचा, हा सगळीकडे चालणारा हिशेब. मोटरवरचा आकडा हा मोटरच्या वेटोळ्यातून जाणारा प्रवाह आहे. सप्लायमधून निघणारा प्रवाह वेगळा. मधे ड्रायव्हर बसलेला असतो. तो सप्लायचा दाब सेकंदाला हजारो वेळा जोडतो-तोडतो आणि वेटोळ्यात हवा तेवढाच प्रवाह राखतो. सप्लायकडून तो बराच कमी घेतो. माझ्या मशीनवर तीन अँपिअरच्या चार मोटरी आहेत, सप्लाय छत्तीस व्होल्टचा आहे, आणि क्लॅम्प मीटर लावून कितीही वेळा पाहिलं तरी चार अँपिअरच्या वर काटा गेलेला मी पाहिला नाही. मग त्या वीस अँपिअरचं काय लोणचं घालायचं?

खरा प्रश्न व्होल्टचा आहे, आणि तो कुणी विचारतच नाही. स्टेपर मोटरचं वेटोळं म्हणजे जड जातं. जात्याला हात लावला की ते लगेच वेग घेत नाही. वेटोळ्यातही प्रवाह लगेच भरत नाही. तो किती लवकर भरेल हे ठरतं सप्लायच्या व्होल्टवर. ढोबळ हिशेब कागदावर करून पाहा. वेटोळ्याचं इंडक्टन्स, म्हणजे हाच जडपणा, ३.२ मिलिहेन्री आणि प्रवाह ३ अँपिअर धरा. १२ व्होल्टवर तो प्रवाह भरायला ०.८ मिलिसेकंद लागतात, २४ वर ०.४, ३६ वर पाव मिलिसेकंदाच्या जरा वर, ४८ वर ०.२. आता मोटर एका फेऱ्याला दोनशे पावलं टाकते आणि स्क्रू एका फेऱ्याला पाच मिलिमीटर सरकवतो. मिनिटाला दीड हजार मिलिमीटरचा वेग मागितला तर एका पावलाला एक मिलिसेकंद मिळतो. तीन हजार मागितला तर अर्धा. म्हणजे कॉम्प्युटरच्या बारा व्होल्टवर दीड हजाराच्या वेगालाच पावलाचा बहुतेक वेळ प्रवाह भरण्यात जातो, आणि तीन हजाराला तो भरतच नाही. मोटर कर्र करते, पाऊल चुकतं. मग आमचा पोरगा काय करतो? मोटर बदलतो. मोठी मोटर आणतो, जिचं इंडक्टन्स बहुतेकदा आणखी जास्त असतं. म्हणजे जखम पायाला आणि पट्टी डोक्याला.

चोवीस व्होल्ट वीस अँपिअर म्हणजे ४८० वॅट. छत्तीस व्होल्ट दहा अँपिअर म्हणजे ३६० वॅट. दुसरा डबा लहान, बहुधा स्वस्त, आणि मशीन त्यावर कितीतरी मोकळं धावतं. मात्र व्होल्ट वाढवायचे ते ड्रायव्हरची कमाल मर्यादा पाहून. टीबी ६६०० वर ४२ लिहिलेलं असतं, डीएम ५४२ वर ५०. मोटर झटक्यानं थांबते तेव्हा ती स्वतःच वीज तयार करून मागे ढकलते, म्हणून मर्यादेच्या कडेला चिकटून बसायचं नाही. ५० च्या ड्रायव्हरला ४८ चा सप्लाय जोडणाऱ्यानं ही ढकल कुठे धरली?

इथवरचं पुण्याच्या माणसालाही लागू आहे. यापुढचं आमचं आहे.

शहरातले जाणकार सांगतात, की एसएमपीएस, म्हणजे दुकानात मिळणारा तयार स्विचिंगचा डबा, घेऊच नका. गोल ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज आणि मोठा कपॅसिटर, असा साधा सप्लाय बांधा, तो मागे ढकललेली वीज पोटात घेतो, बिघडत नाही, बिघडला तर घरी दुरुस्त होतो. हे सगळं खरं आहे, पण ज्याच्या भिंतीत दिवसरात्र २३० व्होल्ट आहेत त्याच्यासाठी. माझं मूळ घर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीत आहे. तिथल्या प्लगमध्ये मी मीटर घालून बसलोय. संध्याकाळी साडेसातला, सगळ्या घरांत दिवे, टीव्ही आणि पाण्याचे पंप सुरू असताना, १७८. रात्री दोनला, गाव झोपल्यावर, २५२. साधा सप्लाय हे चढउतार जसेच्या तसे पलीकडे पोचवतो. ३२ व्होल्टची गुंडाळी असेल तर सरळ करून साधारण ४३ मिळतात. संध्याकाळी तेच ३४ च्या खाली येतात आणि मध्यरात्री ४७ च्या वर जातात. मोटरी उभ्या असतील, भार नसेल, तर ट्रान्सफॉर्मर आणखी चढतो आणि पन्नाशीला टेकतो. दुपारी जुळवलेला वेग संध्याकाळी पावलं चुकवतो आणि रात्री ड्रायव्हर जातो. हा सल्ला देणाऱ्यानं विचारलं होतं का, की बाबा, तुझ्या भिंतीत किती व्होल्ट येतात?

मग एसएमपीएस घ्यायचा. पण कुठला?

गेल्या श्रावणात वाडीवरचा एक मुलगा एसटीनं महाडला आला. खताच्या पिशवीत कंट्रोल बॉक्स गुंडाळून आणला होता. म्हणाला, ‘काका, तिसऱ्यांदा मोटर बदलायला सांगतायत. बदलू?’ देव्हाऱ्याची दारं कोरत होता तो, सागवानाची, गिऱ्हाइकानं लाकूड स्वतः आणून दिलेलं. चार तासांचं काम. तिसऱ्या तासाला आडवा अक्ष चार मिलिमीटर सरकला आणि कोरलेल्या वेलीवर दुसरी वेल उमटली. फळी फुकट. दुसऱ्या फळीचं तेच झालं. मी बॉक्स उघडला. आत नेहमीचा जाळीचा एसएमपीएस, बाजूला भोकात लाल सरकतं बटण. ते बटण ११५ आणि २३० मध्ये निवड करण्यासाठी असतं. ते चुकून ११५ वर राहिलं आणि प्लग घातला तर डबा फट्कन जातो. याचं बरोबर २३० वर होतं. मी त्याला लेबल वाचायला लावलं. वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं होतं: १८० ते २६४ व्होल्ट. ‘तुझ्याकडे संध्याकाळी किती असतात?’ त्यानं कधी मोजलेच नव्हते. चार दिवसांनी फोन आला: ‘काका, एकशे बहात्तर.’

मोटर निर्दोष होती. ड्रायव्हर निर्दोष होता. डब्यावरच्या अटीत न बसणारी वीज त्या डब्याला पाजली जात होती, आणि शिक्षा मोटरींना होत होती. बदललेल्या मोटरींचे पैसे, दोन सागवानाच्या फळ्या, आणि गिऱ्हाइकासमोर खाली गेलेली मान. ‘कुठलाही चालतो’ म्हणणाऱ्यानं यातलं काय भरून दिलं?

ही गोष्ट जरा खोलात सांगतो, कारण दुकानात ती कुणी सांगत नाही. एसएमपीएसच्या पोटात एक मोठा कपॅसिटर असतो. भिंतीतली वीज क्षणभर गेली तर तो साठवणीतून पुरवतो. लेबलामागच्या कागदावर हा काळ लिहिलेला असतो, साधारण १६ ते २० मिलिसेकंद, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची जेमतेम एक लाट. पण हा आकडा पूर्ण भाराचा आणि २३० व्होल्टचा. कपॅसिटरमधली साठवण व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १७२ व्होल्टवर ती २३० च्या तुलनेत छप्पन्न टक्के उरते, आणि त्यातलाही वापरता येण्याजोगा भाग फारच थोडा. अशा वेळी शेजारचा पंप सुरू झाला, दिवा डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका लवला, तरी मशीन पाऊल चुकतं. स्टेपरला आपण कुठे आहोत हे कळत नाही. पाऊल चुकलं तरी ती चुकलेल्या जागेवरून पुढचं काम त्याच विश्वासानं करत राहते.

यावर उपाय आहे आणि तो बाजारात मिळतो. ॲक्टिव्ह पीएफसी असलेला सप्लाय. त्याला लाल बटण नसतं. लेबलवर साधारण ८५ किंवा ९० पासून २६४ पर्यंत लिहिलेलं असतं. तो आत येणारी वीज आधी चढवून ३८० व्होल्टच्या आसपास नेतो आणि मग कपॅसिटर भरतो. भिंतीत १७२ असोत की २५२, पोटातली साठवण तीच. आणि वॅट गरजेच्या दुप्पट घ्यायचे. मोटरींना लागतात म्हणून घ्यायचे नाहीत, अर्ध्या भारावर तीच साठवण साधारण दुप्पट वेळ पुरते म्हणून घ्यायचे. साध्या डब्याशी फरक असेल दोन-चार हजारांचा. त्या मुलानं वाया घालवलेल्या एका सागवानी फळीची किंमत काढून पाहा.

‘त्यापेक्षा स्टॅबिलायझर लावा ना!’ हे वाक्य फ्रिज विकणाऱ्याकडून आलेलं आहे. घरगुती रिलेचा स्टॅबिलायझर व्होल्ट घसरले की टक् करून ट्रान्सफॉर्मरचा टप्पा बदलतो. तो टक् म्हणजे क्षणभर तुटलेली वीज. फ्रिजला त्याचं काही वाटत नाही. काठावर उभ्या असलेल्या एसएमपीएसला तो टक् म्हणजेच आजार. संध्याकाळी वीज दर दोन मिनिटांनी खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर दर दोन मिनिटांनी टक् करणार. आपण दुखणं घालवलं की विकत आणलं?

इन्व्हर्टरचं वेगळं. तो चांगला, पण शुद्ध साइन वेव्हचा, आणि त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवलेलं, म्हणजे तो लवकर बदली होतो आणि वर सांगितलेली साठवण तेवढा वेळ निभावून नेते. एक धोका मात्र ध्यानात ठेवा. मोटरी इन्व्हर्टरवर आणि स्पिंडल सरळ भिंतीवर असेल, तर वीज गेल्यावर स्पिंडल थांबतो आणि मोटरी त्याला लाकडातून ओढत राहतात. टूल तुटतं. २३० व्होल्टचा एक साधा रिले भिंतीच्या विजेवर लावा आणि त्याचा नेहमी बंद असणारा संपर्क कंट्रोलरच्या फीड होल्डच्या, म्हणजे काम थोपवून धरण्याच्या, पिनला आणि ग्राउंडला जोडा. वीज असेपर्यंत रिले तो संपर्क उघडा धरून ठेवतो. वीज गेली की संपर्क जुळतो आणि मशीन जागेवर थांबतं. जीआरबीएल या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीपासून आहे.

अर्थिंगवर मी फार लिहिणार नाही, पण सोडणारही नाही. तिसरी पिन मोडून दोन पिनांत घातलेला प्लग मी आमच्याकडे अर्ध्याअधिक मशीनांना पाहिलाय. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर तो पत्रा, आणि त्याला बोल्ट केलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा, जवळजवळ अर्ध्या दाबावर तरंगतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून सांगाड्याला टेस्टर लावा, आतला दिवा मंद लागलेला दिसेल. हाताला मुंग्या येतात, लिमिट स्विच उगाच लागतात, एखाद दिवशी लॅपटॉपचं पोर्ट जातं. कातळातल्या वाड्यांवर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, हे मान्य. मग त्याला पाणी घाला. तुळशीला घालता ना?

आता शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत वाईट म्हणणं: ‘आपल्याकडची वीजच अशी, काहीही घ्या, जळणारच.’

हे बोलणारे परिस्थिती अर्धी खरी सांगतात. पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तारा डोंगरातून, झाडीतून येतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगडातल्या कितीतरी गावांत आठवड्यांवर आठवडे अंधार होता. वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली तर घरात तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात आणि २६४ लिहिलेला कुठलाही सप्लाय तिथे टिकत नाही, एवढं मी कबूल करतो. त्यासाठी पुढे कमी-जास्त व्होल्टला तोडणारं उपकरण बसवायचं आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचा. पण परिस्थिती वाईट आहे म्हणून निवड कमी महत्त्वाची, हा कुठला न्याय? पावसाळा जोराचा म्हणून कुणी छपराला पातळ पत्रा घालतं का? कोकणातला माणूस घर बांधताना पागोळीचा विचार करतो, जोतं किती उंच घ्यायचं याचा विचार करतो. वीजही आमच्याकडच्या पावसासारखीच आहे. तिच्यासाठी जोतं नको?

आणि जोतं म्हणालो ते खरोखरचंही. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. दुकानंच्या दुकानं बुडाली. पाणी ओसरल्यावर मी अनेकांना मशीनचे डबे उन्हात मांडताना पाहिलं. मशीनचा सांगाडा धुऊन पुन्हा उभा राहिला, स्क्रूंना तेल पाजून ते फिरले. सप्लाय मात्र सगळ्यांचे टेबलाखाली, घोट्याच्या उंचीवर स्क्रू मारून बसवलेले होते. काहींनी वाळवून चालू केले. चालले, पंधरा दिवस. आत बसलेला गाळ हवेतली ओल धरून ठेवतो, आणि एका दमट सकाळी धूर येतो. ज्या गावात प्रत्येक जुन्या घराच्या भिंतीवर पुराची खूण दाखवणारं कुणीतरी असतं, त्या गावात सप्लाय डोक्याच्या उंचीवर भिंतीवर बसवायला काय हरकत आहे? चार मीटर जाड वायर जास्त लागेल, तेवढंच. वर बसवला तर भुसा कमी, पाली कमी, हाताशी बघायलाही सोपा.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते जोरात म्हणतो: आमच्या भागात मशीनचा पहिला भाग म्हणून पॉवर सप्लाय निवडला पाहिजे. मोटरींच्या आधी, सांगाड्याच्या आधी. लोणेऱ्याच्या विद्यापीठात शिकणारी, वाडीवर राहून ही मशीनं बांधणारी आमची पोरं हुशार आहेत. ती जी-कोड स्वतः लिहितात, सांगाडा स्वतः जोडतात. त्यांना चुकीचं सांगणाऱ्यांनी त्यांची हिंमत घालवू नये. तिसऱ्यांदा मोटर बदलल्यावर ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून मशीन विकून टाकणारे दोघे माझ्या माहितीत आहेत. त्यांना सगळं जमत होतं.

वाडीवरच्या त्या मुलानं रुंद मर्यादेचा छत्तीस व्होल्टचा सप्लाय घेतला, ड्रायव्हर आणि मोटरी तशाच ठेवल्या. देव्हाऱ्याची दारं त्यानं तिसऱ्या फळीवर, संध्याकाळी सात ते अकरा या वेळात कोरली.

तुम्ही मशीन बांधायला घेत असाल तर काहीही विकत आणण्याआधी एक साधा मीटर घ्या. आठ दिवस, जिथे मशीन ठेवणार त्याच प्लगमध्ये, संध्याकाळी साडेसातला आणि रात्री उशिरा व्होल्ट मोजा. आकडे पेन्सिलीनं भिंतीवर लिहा. मग दुकानात जा, आणि दुकानदार ‘कुठलाही चालतो’ म्हणाला तर ते सोळा आकडे त्याला वाचून दाखवा.